चॅम्पियन सायकलपटू सरावाला गेला तो परत आला नाही. त्याच्या चाहत्यांनी पुढं काय केलं, ते आटपाडीच्या रस्त्यालाही कामाचं आहे

२२ एप्रिल २०१७, शनिवारची सकाळ. आठ वाजून गेले होते. इटलीतल्या फिलोत्रानो नावाच्या गावातून मिकेले स्कार्पोनी सायकल घेऊन सरावाला बाहेर पडला. आदल्या दिवशीच तो आल्प्समधली पाच दिवसांची शर्यत संपवून घरी आला होता. त्या शर्यतीचा पहिला टप्पा त्यानं जिंकला होता आणि एकूण क्रमवारीत तो चौथा आला होता. दोन आठवड्यांनी 'जिरो द इटालिया' सुरू होणार होती आणि अस्ताना संघानं तिथं त्याला कॅप्टन केलं होतं.

गावातल्याच एका चौकात समोरून आलेली व्हॅन वळली आणि स्कार्पोनीला धडकली. स्कार्पोनी जागीच गेला. वय ३७. घरी बायको आणि चार वर्षांची जुळी मुलं. व्हॅनचालक त्याच गावचा होता. सायकलवाला आपल्याला दिसलाच नाही, असं त्यानं सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, इटलीतल्या सायकलवाल्याचं आम्हाला काय? तर विषय असा आहे की फिलोत्रानो हे काही मिलान किंवा रोम नाही. डोंगरउतारावरचं, आपल्या आटपाडीपेक्षाही लहान असं गाव आहे. आणि स्कार्पोनी ज्या पद्धतीनं गेला, त्या पद्धतीनं आपल्याकडं दरवर्षी हजारो सायकलवाले जातात. फरक एवढाच की त्याच्यामागं चाहते होते. त्या चाहत्यांनी आणि घरच्यांनी त्या मरणाचं काय केलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

लोकांचा त्याच्यावर इतका जीव का होता?

स्कार्पोनी हा काही सगळ्यात जास्त शर्यती जिंकलेला गडी नव्हता. त्याच्या नावावर २०११ ची जिरो आहे, पण तीही त्याला रस्त्यावर मिळाली नाही. त्या वर्षी तो दुसरा आला होता. पहिला आलेला स्पेनचा अल्बेर्तो कोन्तादोर डोपिंग प्रकरणात अडकला, त्याचं विजेतेपद २०१२ मध्ये काढून घेतलं आणि मग ते स्कार्पोनीकडं आलं. स्वतः स्कार्पोनीची पाटीही कोरी नव्हती. स्पेनमध्ये उघडकीस आलेल्या 'ऑपरेशन पुएर्तो' या डोपिंग प्रकरणात त्याच्यावर दीड वर्षाची बंदी आली होती. पुढं एका बदनाम डॉक्टरशी संबंध ठेवल्याबद्दल आणखी तीन महिन्यांची बंदी झाली. हे सगळं चाहत्यांना माहीत होतं.

तरीही लोक त्याच्यावर जीव टाकायचे, आणि त्याचं कारण कळायला २०१६ च्या जिरोचा एकोणिसावा टप्पा बघावा लागतो. इटलीतून फ्रान्समध्ये जाणारा हा टप्पा कोल्ले देल आन्येलो या २,७४४ मीटर उंचीच्या घाटावरून जात होता. रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती होत्या. स्कार्पोनी सगळ्यांच्या पुढं होता आणि घाटमाथ्यावर पहिला पोचला. टप्पा जिंकायची चांगली संधी त्याच्यापुढं होती.

तेवढ्यात संघाच्या गाडीतून निरोप आला. कॅप्टन विन्चेन्झो नीबाली मागून येतोय, त्याला साथ हवी आहे. स्कार्पोनीनं वेग कमी केला, थांबला आणि नीबाली आल्यावर त्याच्या पुढं राहून वारा अंगावर घेत त्याला ओढून नेलं. त्या दिवशी टप्पा नीबालीनं जिंकला, आणि दोन दिवसांनी जिरोही त्यानंच जिंकली.

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत हे काम करणाऱ्याला 'ग्रेगारिओ' म्हणतात. म्हणजे कॅप्टनसाठी पाण्याच्या बाटल्या आणणारा, वारा अडवणारा, स्वतःची शर्यत सोडून देणारा. वाऱ्याच्या विरुद्ध सायकल मारलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. पुढच्याच्या मागं चिकटून गेलं की निम्मं ओझं कमी झाल्यासारखं वाटतं. एकदा जिरोचा विजेता राहिलेला माणूस दुसऱ्यासाठी हे काम करत होता, तेही चेष्टामस्करी करत. त्यात भर म्हणून गावाकडं सराव करताना एक मोठा रंगीत पोपट त्याच्या खांद्यावर येऊन बसायचा. त्याचे व्हिडिओ जगभर फिरले होते.

अपघातानंतर तोच पोपट त्या चौकात येऊन बसला, अशा बातम्या तेव्हा इटलीच्या पेपरांत आल्या. त्या बातम्या वाचून ज्यांनी आयुष्यात सायकलची शर्यत बघितली नव्हती, अशा माणसांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

शोक कसा झाला?

दुसऱ्याच दिवशी बेल्जियममध्ये लिएज-बास्तोन-लिएज ही मोठी शर्यत होती. ती स्पेनच्या आलेहान्द्रो वाल्वेर्देनं जिंकली. रेषा ओलांडताना त्यानं आकाशाकडं बोट केलं आणि बक्षिसाची रक्कम स्कार्पोनीच्या कुटुंबाला देणार असल्याचं जाहीर केलं. २५ एप्रिलला फिलोत्रानोमध्ये अंत्यसंस्कार झाले. चर्च पुरणार नाही म्हणून ते खेळाच्या मैदानावर ठेवले आणि तिथं हजारो लोक आले.

मे महिन्यात जिरो सुरू झाली, ती या शर्यतीची शंभरावी आवृत्ती होती. प्रत्येक संघात नऊ जण असायचे. अस्ताना संघ आठच जणांनिशी उतरला आणि स्कार्पोनीची जागा मोकळी ठेवली. त्या वर्षी मोर्तिरोलो हा अवघड घाट त्याच्या नावानं अर्पण केला. २०१८ मध्ये जिरोचा एक टप्पा मुद्दाम फिलोत्रानोमधून नेला.

युरोपात सायकलपटूचा शोक हा असा रस्त्यावर होतो, कारण हा खेळच रस्त्यावरचा आहे. तिकीट नाही, स्टेडियम नाही. शर्यत तुमच्या दारावरून जाते. चॅम्पियन दोन फुटांवरून घाम गाळत जाताना दिसतो. तो गेला की लोक त्याच वळणावर, त्याच घाटात फुलं आणि पाण्याच्या बाटल्या ठेवतात. आपल्याकडं पालखीचा रस्ता जसा गावकऱ्यांना स्वतःचा वाटतो, तसं काहीसं हे नातं आहे.

पण फुलं वाळतात. पुढं काय, हा खरा प्रश्न असतो.

शर्यतीतल्या मरणांनी नियम बदलले, पण उशिरानं

या खेळात शर्यत चालू असताना झालेल्या मृत्यूंचा इतिहास मोठा आहे. त्यातून नियम कसे आले, ते बघा.

१८ जुलै १९९५. टूर द फ्रान्स. पिरेनीज पर्वतातला पोर्ते दास्पे घाट उतरताना इटलीचा फाबिओ कासार्तेली पडला. तो १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा रोड रेसमधला सुवर्णपदक विजेता होता. वय २४. डोक्याला मार लागला, आणि डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुणीही शर्यत केली नाही. सगळा जथा संथपणे एकत्र चालत राहिला आणि शेवटी कासार्तेलीच्या संघाला पुढं जाऊ दिलं. त्या घाटात आज त्याचं स्मारक आहे.

मग हेल्मेटची सक्ती लगेच झाली का? नाही झाली. त्याआधी १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं, म्हणजे यूसीआयनं, सक्तीचा प्रयत्न केला होता. तेव्हा सायकलपटूंनीच पॅरिस-नीस शर्यतीत संप केला होता. उकडतं, जड होतं, आमचं आम्ही बघू, अशी कारणं होती. आपल्याकडं दुचाकीच्या हेल्मेटसक्तीच्या वेळी जे ऐकायला मिळतं तेच.

मार्च २००३ मध्ये त्याच पॅरिस-नीसमध्ये कझाकस्तानचा आन्द्रेई किविलेव पडून गेला. वय २९. त्यानंतर दोनच महिन्यांत, मे २००३ मध्ये सक्ती झाली. कासार्तेलीच्या मरणापासून मोजलं तर आठ वर्षं गेली.

अलीकडचं उदाहरण स्वित्झर्लंडचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये झ्युरिकच्या जागतिक स्पर्धेत १८ वर्षांची म्युरिअल फुरर जंगलातल्या उतारावर पडली. ती पडलीय हेच बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी रवांडातल्या किगालीला झालेल्या जागतिक स्पर्धेत प्रत्येक सायकलपटूला जीपीएस ट्रॅकर लावला.

शर्यतीतल्या मरणांना निदान एक पत्ता असतो. जबाबदार कोण हे ठरलेलं असतं, आयोजक आणि यूसीआय. चाहते, सायकलपटू, पत्रकार सगळे त्यांना धारेवर धरू शकतात.

स्कार्पोनी मात्र शर्यतीत गेला नाही. तो साध्या रस्त्यावर, रहदारीत गेला. तिथं यूसीआयचा नियम चालत नाही. सायकलपटू वर्षातले बहुतेक दिवस याच रस्त्यावर असतात, कारण सराव इथंच होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दाविदे रेबेलिन हा बीजिंग ऑलिंपिकपर्यंत पोचलेला इटालियन सायकलपटू ट्रकच्या धडकेत गेला. त्यानं व्यावसायिक खेळातून निवृत्ती घेऊन थोडेच दिवस झाले होते. या मरणाचा जाब विचारायचा तर तो सरकारला, पालिकेला आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला विचारावा लागतो.

भावानं काय केलं?

स्कार्पोनीचा भाऊ मार्को आणि कुटुंबानं २०१८ मध्ये त्याच्या नावानं फाउंडेशन काढलं. एक सोपी वाट होती. दरवर्षी स्मृतिदिनाला एक शर्यत भरवायची, पुतळा बसवायचा, हार घालायचा. फाउंडेशननं मुख्य काम म्हणून रस्ता सुरक्षा धरली. शाळाशाळांत जाऊन मुलांशी बोलणं, वस्तीतला वेग ताशी ३० किलोमीटरवर आणावा म्हणून पाठपुरावा आणि सायकलस्वाराला ओव्हरटेक करताना किती अंतर सोडायचं, याचा कायदा व्हावा ही मागणी.

ही अंतराची मागणी इटलीत बरीच वर्षं चालली होती. सायकल संघटना, माजी खेळाडू आणि चाहते, सगळ्यांनी ती लावून धरली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये इटलीचा नवा वाहतूक कायदा लागू झाला आणि त्यात सायकलला ओव्हरटेक करताना किमान दीड मीटर अंतर ठेवण्याची तरतूद आली.

जिंकले म्हणायचं? अर्धवट. त्या तरतुदीत एक शेपूट आहे: 'रस्त्याची परिस्थिती परवानगी देत असेल तर'. रस्ता अरुंद असला की दीड मीटरचं बंधन सैल होतं, आणि इटलीत गावाकडचे रस्ते अरुंदच आहेत. जिथं गरज जास्त तिथं नियम ढिला. जर्मनीनं २०२० मध्ये वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर असं स्पष्ट लिहिलं. तिथं अंतर सोडायला जागा नसेल तर सायकलच्या मागं थांबायचं, असा सरळ अर्थ निघतो.

म्हणून स्कार्पोनी फाउंडेशन आणि अपघातग्रस्तांच्या संघटनांनी इटलीच्या नव्या कायद्यावर टीकाच केली. शहरांना वेग कमी करणं या कायद्यानं उलट अवघड केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याच्या नावानं लोक रडले, त्याच्याच घरच्यांना सरकारशी भांडत राहावं लागलं.

वेग आणि अंतर एवढं महत्त्वाचं का?

साधं गणित आहे. ताशी ६० च्या वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात सोळा मीटरपेक्षा जास्त अंतर कापते. मोबाइलवर मेसेज बघायला दोन सेकंद गेले, तर गाडी तेहतीस मीटर आंधळी गेली. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे वेग ३० चा ६० झाला की धडक दुप्पट नाही, चौपट जोराची बसते. गाडीनं धडक दिलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका वेग ५० वरून ६५ वर गेला की साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सायकलवाल्याच्या अंगावरही पत्र्याचं कवच नसतंच.

अंतराचं कारण वेगळं आहे. सायकल कधीच सरळ रेषेत चालत नाही. खड्डा चुकवायला, खडी टाळायला ती फूट-दीड फूट इकडंतिकडं होते. मोठी गाडी जवळून गेली की आधी हवेचा धक्का बसतो आणि मग ओढ बसते. दीड मीटर हा आकडा या हेलकाव्यासाठी ठेवलेला आहे.

आता आपल्या रस्त्यावर येऊ

आटपाडीतून दिघंचीकडं, भिवघाटाकडं किंवा खरसुंडीकडं सकाळी निघा. सायकलवर कोण दिसतं? शाळेला निघालेली पोरं-पोरी, दुधाचे कॅन लावलेला एखादा म्हातारा, कामावर निघालेला मजूर. टेंभूचं पाणी आल्यापासून माणदेशात डाळिंब आणि ऊस वाढला. पाण्यासाठी वाट बघितलेल्या भागाचं त्यात भलंच झालं. पण त्याबरोबर रस्त्यावर पिकअप, टेम्पो, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरही वाढले. रस्ते रुंद आणि गुळगुळीत झाले, तसा वेगही वाढला. डांबराच्या कडेला साइडपट्टी खचलेली असेल, तर सायकलवाल्याला खाली उतरायलाही जागा नसते. रात्री मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली उभी असली तर ती दिसत नाही, तसाच दिवा नसलेला सायकलवालाही दिसत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सायकलस्वार सुमारे ४,८०० होते. म्हणजे रोज सरासरी तेरा. यातले बहुतेक जण हौस किंवा व्यायाम म्हणून सायकल चालवत नव्हते. दुसरं वाहन परवडत नव्हतं म्हणून चालवत होते. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात, म्हणजे शाळेला सायकलनं जा असं सरकारच सांगतं. मग त्या सायकलसाठी रस्ता कसा असावा, याचं उत्तरही सरकारनंच द्यायला पाहिजे.

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची 'पुणे ग्रँड टूर' झाली. परदेशी सायकलपटू आले, रस्ते नवे झाले, लोक कडेला उभे राहून ओरडले. चांगलीच गोष्ट आहे. पण शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद असतो. तिथं बघून सायकल घेतलेली पोरं दुसऱ्या दिवशी सराव करणार ती ट्रक आणि एसटीच्या बरोबरीनं चालू रस्त्यावर, स्कार्पोनीसारखीच.

आपल्याकडं कायदा काय म्हणतो?

इटलीसारखा मीटरमध्ये मोजलेला आकडा आपल्याकडं लोकांच्या तोंडी नाही, आणि लायसन्स काढताना तो कुणी विचारतही नाही. पण हातात काहीच नाही, असंही नाही.

पहिली गोष्ट. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३८(१ए) आलं. पादचारी आणि इंजिन नसलेली वाहनं यांच्यासाठी राज्य सरकारला त्यामुळं नियम करता येतात. यात सायकल येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं. ओव्हरटेकचं अंतर, शाळेजवळचा वेग, सायकलसाठी कडेची जागा, हे सगळं मागायची जागा हीच आहे. इटलीतलं 'परिस्थिती परवानगी देत असेल तर' हे शेपूट आपल्या नियमात येऊ नये, हेही तिथंच सांगता येईल.

दुसरी गोष्ट. कलम १९८ए प्रमाणं रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसेल आणि त्यामुळं मृत्यू झाला, तर ठेकेदार आणि संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खचलेल्या साइडपट्टीचा फोटो आणि तारीख जपून ठेवणं म्हणूनच उपयोगाचं असतं.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. धडक देऊन गाडी पळून गेली आणि ती सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये भरपाई आहे. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडं करायचा असतो.

चौथी गोष्ट बघणाऱ्यांसाठी. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना आहे. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला पोलीस अडकवून ठेवू शकत नाहीत. उलट गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्यासाठी पंचवीस हजारांचं बक्षीस आहे.

बिननावाच्यांसाठी कोण रडणार?

चाहत्यांचा शोक हा काही दिखावा नसतो. स्कार्पोनीसाठी रडलेली माणसं खरंच रडली. पण त्या शोकाचा उपयोग झाला तो दोन कारणांनी. एक, फिलोत्रानोतल्या लोकांनी त्या मरणाला 'नशीब' म्हणून सोडून दिलं नाही. दोन, त्यांनी फक्त व्हॅनच्या चालकाला शिव्या देऊन विषय संपवला नाही. चौक कसा होता, वेग किती होता, कायदा काय म्हणतो, हे विचारत राहिले. भाऊ आठ-नऊ वर्षं तेच बोलतोय.

आपल्याकडं सायकलवरून गेलेल्या माणसाची बातमी दोन ओळींची असते. गावात बॅनर लागतो, दहाव्यापर्यंत चर्चा होते, चार दिवस स्पीडब्रेकरची मागणी होते आणि कधीकधी रास्ता रोकोही होतो. मग एक स्पीडब्रेकर बसतो, त्याला पांढरे पट्टे मारायचे राहतात आणि पुढचा अपघात त्या स्पीडब्रेकरवरच होतो.

आटपाडीत शाळेची व्यवस्थापन समिती बसते, कारखान्याची ऊसतोडणीची बैठक होते. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ट्रॉल्या कोणत्या रस्त्यानं जाणार, मागं रिफ्लेक्टर आहेत की नाही, साइडपट्टी कधी भरणार, हे तीन प्रश्न तिथं विचारायला कुणी चॅम्पियन मरायची गरज नाही. सायकलवरच्या पोराला ओव्हरटेक करताना दीड मीटर सोडायलाही कायदा यायची वाट बघावी लागत नाही. जागा नसेल तर मागं थांबायचं. जातात किती, तर दहा सेकंद.